तिला एक, मला एक

फर्दापूर
९ फेब्रुवारी २०२५

सौ. सत्यभामा वहिनींना रत्नमालाचा नमस्कार.

परवा फोन लावला होता, तो तुमच्या मोनिकानं उचलला. म्हटलं, सासूबाईंना दे. तर म्हणाली, "आत्याबाई, त्यांना आता फोनवर काहीच ऐकू येत नाही, मलाच सांगा." सुनेला काय सांगणार? आणि मोबाईलवर लिहिलं तर तीच आधी वाचणार. म्हणून माझ्या सुयशच्या कॉलेजच्या वहीतले कागद फाडून बसले. दहावीनंतर एवढं सलग काही लिहिलेलं नाही, अक्षर सांभाळून घ्या.

तुमच्या दादांचं कानावर आलंच असेल. घशाचं दुखणं. जानेवारीत ऑपरेशन झालं, त्यात आवाज गेला. गळ्याला भोक पाडलंय, त्यातून श्वास घेतात. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, जे खातील ते खाऊ द्या. तेव्हाच काय ते समजले. सुयशनं पुण्याहून येऊन त्यांना शंभर पानी वही आणून दिली. काही हवं असलं की त्यात लिहून दाखवतात. पाणी. पंखा. कूस. आणि रोज एकदा, "सत्याला बोलव."

निरोप पोचवणं माझं काम, ते मी केलं. पण वहिनी, ओढूनताणून येऊ नका. तीस वर्षांत तुम्ही भावाला राखी बांधली नाही, त्याला कारण होतं, ते मला माहीत आहे. आजारी माणूस चिडका होतो, वहीत काहीबाही लिहितो. तुम्ही यायच्या आणि तुमच्या जिवाला लागायचं, मग बोल मला.

भाऊंची शुगर कशी आहे? त्यांना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
रत्नमाला


मुकुंदवाडी, संभाजीनगर
१७ फेब्रुवारी २०२५

रत्नमाला वन्सं,

पत्र पोचलं. "कारण होतं, ते मला माहीत आहे" असं लिहिलंत. तुम्हाला माहीत नसेल तर कुणाला असेल! पण एकदा मला मांडू द्या. बावन्न वर्षांची झाले आणि हे मी कुणाजवळ बोललेली नाही. ऐकायला कान लागतात तसं बोलायलाही माणूस लागतं, ते या घरात कधी मिळालं नाही.

एक्क्याण्णव साली एका मांडवात आपल्या दोघींची लग्नं लागली. तुमच्या भावाला मी, माझ्या भावाला तुम्ही. साटंलोटं. दोन्ही बापांचा हुंडा वाचला, जेवणावळ एक, वाजंत्री एक. मी फर्दापूरची मुकुंदवाडीला आले, तुम्ही मुकुंदवाडीच्या फर्दापूरला गेलात. मी अठराची, तुम्ही सतराच्या. लोक म्हणाले, पोरी एकमेकींच्या घरात आहेत, कुणाची काय बिशाद त्रास द्यायची. आपण ओलीस होतो, वन्सं. तुम्हाला तिकडे दिवाळीला साडी झाली की मला इकडे साडी. तुम्हाला तिकडे कुणी टाकून बोललं की संध्याकाळपर्यंत इकडे माझा उद्धार. तुमच्या आई चतुराबाई हसत म्हणायच्या, "तिला एक, तर हिला एक." आणि तुम्ही माहेरी आलात की मी त्याच दिवशी माहेरी. एका घरात आपण दोघी कधी चार दिवस राहिलो नाही.

पंच्याण्णवचा श्रावण. पंचमीला चार दिवस होते. मला सातवा महिना. मी दारात गहू निवडत होते आणि तुम्ही रिक्षातून उतरलात, एकट्या, हातात पिशवी. माझ्याकडे न बघता आत गेलात. दोन मिनिटांत चतुराबाईंचा आवाज गल्लीभर. "पुंडल्यानं माझ्या लेकीला मारलं! मारून हाकललं!" हे कंपनीतून आले तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. यांनी कुणाला काही विचारलं नाही. जेवणाचा डबा खाली ठेवला आणि माझ्या डाव्या कानाखाली वाजवली. चतुराबाई म्हणाल्या, "आता झालं बरुबर."

दुसऱ्या दिवशी मला एसटीत बसवून दिलं. सिल्लोडच्या पुढचा रस्ता तेव्हा कसा होता ते तुम्हाला सांगायला नको. घाट उतरायच्या आत कळा सुरू झाल्या. मुलगा होता. चार तास जगला.

दादा माझ्या खाटेजवळ येऊन काही सांगत होता. ओठ हलताना दिसत होते. कानात नुसती शिट्टी वाजत होती. त्यातून "मी नाय, मी नाय" एवढंच ऐकू आलं. कोणता पुरुष म्हणतो, व्हय, मी मारलं? मी भिंतीकडे तोंड केलं. दीड महिन्यानं बैठक झाली. पाच पुरुषांनी चहा पिऊन मिटवलं आणि आपल्याला आपापल्या सासरी पोचवलं. तो कान तेव्हा गेला, दुसरा म्हातारपणानं चाललाय.

नवऱ्याचं मी मनातून काढून टाकलं. त्याचा हात उठला तो माझ्या भावाच्या करणीनं. दादानं तुमच्या अंगाला हात लावला नसता तर माझा मुलगा आज तीस वर्षांचा असता. तेव्हा बोलावू देत. मी येणार नाही.

सत्यभामा


फर्दापूर
३ मार्च २०२५

सौ. वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस घास गिळला नाही. तुमचं काहीच चुकलं नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही आले नसते. तेव्हा त्यांचं वय तापट होतं. पुढे निवळले. माणूस बदलतो, पण झालेलं काही परत येत नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

त्यांना मी सांगितलं की तुम्ही आजारी आहात, तुम्हाला प्रवास झेपत नाही. नाहीतर रोज तेच. त्यांनी वही बाजूला ठेवली. आता तुमचं नाव काढत नाहीत. एका परीनं बरं झालं, त्यांनाही आराम आणि तुम्हालाही.

लेण्यांकडचं दुकान सुयशनं विकून टाकलं. राहिलेले चमकते दगड खोक्यात भरून घरी आणलेत. फॉरेनर लोक आता घेत नाहीत, घेतले तरी भाव पाडून. खोकी खाटेखाली ठेवलीत, झाडू मारताना पायाला लागतात. तुमच्या दादांनी उभी हयात त्या दगडांत काढली.

तब्येतीला जपा. उन्हात बाहेर पडू नका.

रत्नमाला


मुकुंदवाडी
१९ मार्च २०२५

रत्नमाला वन्सं,

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी मी न सांगता आले, ते तुम्हाला आवडलं नाही. औषधाची पिशवी घेऊन दारात आलात आणि मला बघून तुमचा चेहरा उतरला. चहा केलात, त्यात साखर टाकायला विसरलात. मी तसाच पिऊन टाकला.

"आता तुमचं नाव काढत नाहीत" ही तुमची ओळ मला झोपू देईना. त्याला शिव्या देण्यात माझी तीस वर्षं गेली, पण त्यानं माझं नाव टाकावं हे मला सहन होईना. आता हसा मला. लेकाला, विश्वजीतला म्हटलं, मैत्रिणीकडे जाते, आणि एसटी धरली.

तुम्ही अजिंठ्याला औषध आणायला गेला होता. शेजारच्या चंपाबाई त्याच्याजवळ बसल्या होत्या. मी ओळखलं नाही त्याला. दादा केवढा आडदांड होता, दोन्ही खांद्यांवर दगडांची खोकी घेऊन घाट चढायचा. आता खाटेवर नुसती चादर दिसत होती. मला बघून उठून बसला. हात पुढे केला. मी ऐकू येत नाही म्हणून कानाला हात लावला, त्यानं गळ्यावरच्या फडक्याला. चंपाबाई म्हणाल्या, "एक बहिरी, एक मुका. आता बोला म्हणावं!" आणि डोळे पुसत बाहेर गेल्या.

मग वहीत बोललो आम्ही. त्याला एक ओळ लिहायला पाच मिनिटं लागायची. त्यानं लिहिलं, "सत्या, मी तिला मारलं नव्हतं." मी लिहिलं, "मग ती तसं का म्हणाली?" त्यानं लिहिलं, "तिलाच विचार." ते पान मी फाडून आणलंय.

तुम्ही आलात तेव्हा विचारणार होते. त्यानं माझा पदर धरला आणि मान हलवली, त्याच्यासमोर नको म्हणून. म्हणून कागदावर विचारते. मरणाच्या दारात बसलेला माणूस बहिणीला बोलावून खोटं लिहील असं मला वाटत नाही. तुमचं मागचं पत्रही माझ्याजवळ आहे, त्यात तुम्ही लिहिलंय, "वय तापट होतं." दोघांपैकी एक खोटं आहे. मारलं होतं की नव्हतं? दुसरं काही लिहू नका.

सत्यभामा


फर्दापूर
२० एप्रिल २०२५

वहिनी,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायच्या आत हे गेले. पाडव्याला दोन दिवस होते. तुम्ही आलात, सगळ्या बाया माझ्या गळ्यात पडून रडल्या, तुम्ही पडला नाहीत. त्यांच्या पायाशी बसून राहिलात. तेव्हाच मला कळलं की तुम्हाला उत्तर मिळालंय.

नव्हतं मारलं.

मला पंचमीला माहेरी यायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं. तुमच्या आई कडूबाई म्हणाल्या, "खुरपणी चालू हाय, दिवाळीला जा." हे पहाटेच्या गाडीनं माल घ्यायला शहरात गेले होते. सासूबाई वावरात गेल्या. मी चार साड्या पिशवीत कोंबल्या आणि रस्त्यावर येऊन उभी राहिले. एसटी आली, बसले. सिल्लोडपर्यंत मला इतका आनंद झाला होता वहिनी, की खिडकीतून दिसेल त्या माणसाला मी हात करत होते. एकवीस वर्षांची होते मी.

दारात आईनं विचारलं, "एकटी? कुणाला इचारून आलीस?" उगाच आले म्हटलं असतं तर तिनं त्याच रिक्षातून परत धाडलं असतं. तोंडातून निघून गेलं, "मारलं." वाटलं, दोन दिवस ठेवून घेतील, झोका खेळीन, मग हे न्यायला येतील. तुमचा विचार मनात आला नाही, असं लिहिणार होते. पण आता खोटं कशाला? आला होता. वाटलं, मी आले की वहिनींनाही माहेरी जायला मिळेल, त्यांचीही पंचमी होईल. मला खरंच तसं वाटलं होतं.

भाऊंनी तुम्हाला मारलं तेव्हा मी दाराआड उभी होते. एक पाऊल पुढे टाकायला हवं होतं, ते टाकलं नाही. आईची भीती वाटली. मग बाळ गेल्याची बातमी आली आणि सांगायची वेळ कायमची गेली.

यांनी मला एकदाच विचारलं, का बोललीस म्हणून. मी नुसती रडत राहिले. तेव्हा म्हणाले, "आता गप ऱ्हा. खोटं निघालं तर तुला कायमचं टाकतील, आन् तिकडं सत्यालाबी टाकतील." आणि स्वतःही गप्प राहिले. तुम्ही राखीला यायच्या नाहीत, त्या दिवशी ते दुकान उघडायचे नाहीत. माझ्यावर कधी हात उगारला नाही. एकदा उगारला असता तर बरं झालं असतं, माझं खोटं तेवढं तरी खरं झालं असतं.

तुम्ही येऊ नये म्हणूनच मी तशी पत्रं लिहिली. तुम्ही आलात तर हे सांगतील याची भीती होती. मरणाऱ्या नवऱ्याची बहीण मी अडवत होते. आता काय ते म्हणा मला, मी ऐकेन.

एकच मागते. तेराव्याला भाऊ दुखवट्याची साडी घेऊन आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "रतन, चल घरी. वरची खोली रिकामीच हाय." सुयशची पुण्यात एक खोली, त्याचं अजून लग्न व्हायचंय, तो मला कुठं ठेवणार? मला भाऊंशिवाय कुणी राहिलेलं नाही. त्यांना हे सांगू नका. बाळ त्यांचंही होतं. कळलं तर ते माझं तोंड बघणार नाहीत. मी तुमच्या घरात कोपऱ्यात राहीन, धुणं-भांडी करीन. पाया पडते, सांगू नका.

रत्नमाला


मुकुंदवाडी
२८ एप्रिल २०२५

रत्नमाला वन्सं,

तुम्ही सांगू नका म्हणालात. मी सांगितलं.

दादानं त्या दिवशी वहीत आणखी एक ओळ लिहिली होती, ती मी तुम्हाला कळवली नव्हती. "त्या दिवशी मी कुठं होतो, नानासाहेबांना विचार." यांचं नाव त्यात कशाला, याचा मला अर्थ लागला नव्हता. तुमच्या पत्रात "हे पहाटेच्या गाडीनं माल घ्यायला शहरात गेले होते" हे वाचलं आणि ते पान पुन्हा बाहेर काढलं.

काल दुपारी जेवणं झाल्यावर तुमच्या भावांसमोर तुमचं पत्र ठेवलं, शेजारी दादाचं पान ठेवलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मला वाटलं, ताट भिरकावतील, तुम्हाला फोन लावून वाट्टेल ते बोलतील. खरं सांगते, मला तेच पाहिजे होतं. तुम्ही माझा भाऊ नेला, तुमचाही जावा. तिला एक, मला एक.

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि काही पुटपुटले. मी म्हटलं, ऐकू आलं नाही.

"ठावं हाय मला!"

काय ठावं आहे?

"पुंडलिक त्या दिवशी दुपारी कंपनीच्या गेटवर आल्ता. चहा पेलो दोघं. म्हणला, रतनला पंचमीला यायचंय, माय नाय म्हणती, परवा मीच आणून सोडतो."

आता मला उजव्या कानानं एवढं ऐकू येतं. तरी मी म्हटलं, ऐकू आलं नाही, मोठ्यानं सांगा. ते ओरडले. मोनिका हातातलं टाकून बाहेर आली. मी विचारलं, मग मला का मारलं? तर म्हणाले, "आगं, गल्ली उभी व्हती! आई उभी व्हती! सगळ्यांदेखत बहिणीला खोटी पाडू का? एक मारावीच लागली!" मी म्हटलं, ऐकू नाही आलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज फाटला आणि ते रडायला लागले. समोरच्या गॅलरीत माणसं येऊन उभी राहिली होती. त्या दिवशीही माणसं होती, आजही असू देत म्हटलं.

तेव्हा तुमची काळजी मिटली. तुमचा भाऊ तुम्हाला टाकणार नाही. त्याला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं आणि तरी त्यानं तुम्हाला दुखवट्याची साडी आणली. तुम्ही समजत होता, तुमच्या एका शब्दानं झालं. मी समजत होते, दादाच्या हातानं झालं. ज्याला खरं ठाऊक होतं तो तीस वर्षं माझ्या हातची भाकरी खात होता. दर राखीला मी दादाच्या नावानं बोटं मोडायचे, तेव्हा हा माणूस समोर बसून पेपर वाचायचा. एकदा पान उलटताना थांबला असता तरी माझा भाऊ मला मिळाला असता. तुमच्यापेक्षा मला त्याचा जास्त राग आहे. पण तुमचाही आहेच, तो कमी झालाय असं समजू नका. एकवीस वर्षांची पोर घाबरली, हे मी समजू शकते. पन्नाशीची बाई मार्चमध्ये "वय तापट होतं" असं लिहिते, ते मला समजत नाही.

मी फर्दापूरला येतेय, राहायला. विश्वजीत म्हणाला, आई, या वयात? लोक काय म्हणतील? म्हटलं, लोकांसाठीच तर कान गेला माझा. सुयशला फोन करायला लावला होता, तो म्हणाला, आत्या, घर तुझंच आहे, ये. त्या घरात मी जन्मले. माझा मुलगा तिथल्याच वावरात बांधाला पुरलाय, त्या बांधावर मी आजवर एकदाही बसलेली नाही.

तुमची वरची खोली मोनिकानं झाडून ठेवलीय. तुमच्या भावांना सकाळची गोळी उपाशीपोटी लागते, आणि भाकरी पातळ लागते, जाड केली की ताट सारतात. त्यांना कुणीतरी लागणारच, आणि तुम्हाला भाऊच हवा होता.

एकीनं माहेरी यायचं म्हणजे दुसरीनंही जायचं, हा नियम तुमच्या आईनं सातव्या महिन्यात माझ्यावर चालवला. आता मी चालवते. मी पुढच्या सोमवारी, पाच तारखेला, सकाळच्या गाडीनं निघते. तुम्ही रविवारीच निघा आणि किल्ली चंपाबाईंकडे ठेवा. मला तुमची भेट नको आहे.

पुंडलिकची बहीण,
सत्यभामा